तर्री

पोहे पंचवीसचे तीस केले त्या सकाळी
पाटीवरचा आकडा मी पदरानंच पुसला.
चार गिऱ्हाइकं पाटी वाचून पुढं गेली.
पाचवा बसला, चमचा फिरवला, म्हणाला,
'मावशी, तर्री पाणी करून राहिल्या, अन् वरून पाच रुपये?'

कळमन्याच्या गेटापाशी बावीस वर्षं उभी आहे मी.
मिरची माझी मांढळच्या सातऱ्यावरची,
भिवापुरी. पोतं उघडलं की अख्खी रांग शिंकते.
तिचे देठ खुडणाऱ्या बाया मी हातावरून ओळखते.
रात्री कणीक मळता येत नाही त्यांना,
लेकराच्या डोळ्यातलं कुसळ
शेजारणीला काढायला सांगतात.

शेफाली हालदार त्यातलीच.
मुलचेऱ्याकडची. आजा तिचा माना कॅम्पातून आला,
सरकारनं जंगल दाखवलं, त्यानं त्यात धान लावलं.
मराठी बोलते चांगली,
फक्त तिच्या तोंडात स आणि श
एकमेकांच्या घरी राहायला गेलेत.
ती सातऱ्यावर, निताई तोडणीला.
मंगळवारी मालाच्या गाडीसोबत दोघं यायचे,
एक प्लेट, दोन चमचे, तर्री दोनदा.

जानेवारीत तपासणी निघाली.
रात्री दोनला तंबूत टॉर्च.
'घरी पाण्याले काय म्हणतो बे?'
निताई झोपेत होता, खरं बोलला.
'जोल.'

आधार दाखवलं, मतदान कार्ड दाखवलं.
साहेब म्हणाला, असे तं किलोनं भेटतात.
अकरा दिवस बसवून ठेवलं, मग सोडलं.
कागद खरे निघाले.
मोबाईल परत दिला, चार्जर नाही दिला.

तोवर मांढळ, कुही, पचखेडीचे तंबू
उठले होते.
कोणी मालट्रकवर बसून, कोणी बांधाबांधानं पायी.
बाहेरचे असतील ते गेले,
नसतील तेही गेले.
कोण कोण होतं ते मला विचारू नका,
मी फक्त प्लेटा मोजत होते.

मिरचीला थांबता येत नाही.
लाल झाली, लोंबली, मग उन्हानं पांढरी पडली.
फटकी म्हणतात तिला, रंगही नाही, दामही नाही.
धनराज भोयर म्हणाला,
'वैनी, गावातल्या पोरांले सहाशे रोज देतो म्हटलं.
एक आला.
दुपारी विहिरीवर डोळे धुवाले गेला,
तो तिकूनच घरी.'

एकशे नव्वदची मिरची तीनशे साठ झाली.
मी हात आखडला. तेल लाल दिसावं म्हणून
थोडा रंगही टाकला एक दिवस,
दुसऱ्या दिवशी नाही टाकला, लाज वाटली.

बाकावर पेपर वाचणारा म्हणाला,
'बरं झालं, हाकललेच पाहिजेत सारे.'
आणि पानही न उलटता,
'तर्री वाढा.'
मी वाढली.
धंदा आहे, बोलले नाही काही.
त्याचे तीस रुपये दिवसभर गल्ल्यात वेगळे ठेवले,
संध्याकाळी तेही बाकीच्यांत मिसळले.

शिमग्याच्या आधी शेफाली आली, एकटीच.
निताई आता गाव सोडत नाही म्हणाली.
प्लास्टिकच्या पिशवीतून झेरॉक्स काढल्या,
आज्याच्या कार्डापासून सगळ्या.
'पाच शेट केले मौशी. एक तुमच्यापाशी ठेवा.
आमचे कोनी फाडले तर.'
प्लेट नको म्हणाली. मी बळंच दिली.
दुसरा चमचा सवयीनं ठेवला गेला.

जिऱ्याच्या डब्याखाली आहे तो शेट.
आज्याच्या फोटोवर हळदीचं बोट उमटलंय माझं.

काल ड्युटी संपवून एक हवालदार आला, दमलेला.
नवाच पोरगा, मिशी नीट आली नव्हती.
'मावशी, आज लाल नाही का?'
'तोडाले माणूस नाही साहेब.'
'हो का,' म्हणाला तो,
आणि लिंबू मागितलं.

लिंबू दहाला एक झालं होतं.
मी अर्धं दिलं.